गेटबाहेरची मोटरसायकल

हेल्मेट? अहो कॅप्टन, हेल्मेट होतं म्हणजे काय, होतंच! वरती लिहा ते, अगदी पहिल्या ओळीत — आणि त्या खुर्चीत नका बसू, तिचा पाय निखळलाय, इकडे या, पंख्याखाली. हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, लांब बाह्यांचा शर्ट आणि त्यावर ते पिवळं चकचकीत जाकीट — सगळं होतं अंगावर. इथल्या उन्हात माणूस नुसत्या बनियनवर वितळून जातो, आणि हा पोरगा पोस्टात पाकीट टाकायला निघाला तरी हातमोजे चढवून! मी म्हणायचे, वेस्ली, बाळा, नवरदेव होऊन कुठं निघालास? तर हसायचा. म्हणायचा, मिस ओपल, सैन्याचा नियम आहे, नियमाशी भांडता येत नाही. असा पोरगा तो. चहा घेता? गोड आहे, बर्फ घातलाय. नको? का, चौकशीवर आलं की चहासुद्धा चालत नाही का तुम्हाला? बरं, ग्लास इथं कठड्यावर ठेवते. शेंगा आहेत उकडलेल्या, त्याही ठेवते. मन झालं तर घ्या, मी कुणाला सांगायची नाही.

तर मी जे पाहिलं तेवढंच सांगायचं. येसेनियानं काल मला बजावलंय — येसेनिया म्हणजे त्याची बायको, ही भिंत दिसते ना, हिच्या पलीकडे राहतात ते, एका छपराखाली दोन घरं, त्यांच्या घरात चमचा पडला तरी मला ऐकू येतो — मी मुद्दाम ऐकते असं नाही हं, भिंतच तसली. तर ती म्हणाली, मिस ओपल, छावणीतून कॅप्टन येईल विचारायला, तुम्ही जे पाहिलंत तेवढं सांगा, बाकी काही नको. म्हटलं, पोरी, मला काय तू लहान समजतेस? माझा नवरा याच छावणीत आचारी होता, व्हर्जिल, देव त्याला शांती देवो, सगळा जन्म या गेटासमोर गेला माझा. चौकशी म्हणजे काय ते मला कळतं. परक्या तुकडीचा अधिकारी नेमतात, ओळखीपाळखी नकोत म्हणून — तुम्ही परक्याच तुकडीचे ना? तेच. आणि तो शेवटी लिहितो, एकतर दुखापत नोकरीत असताना झाली, नाहीतर स्वतःच्या बेफिकिरीनं झाली. पहिलं लिहिलं तर उपचार, पेन्शन, चाकाची खुर्ची, घराला उतार, सगळं मिळतं. दुसरं लिहिलं तर घरी जा म्हणतात. आणि पाठीचा कणा मोडलेल्या पोरानं घरी जायचं म्हणजे कसं जायचं हो? मी गेले होते ना इस्पितळात. पाय असे पडलेत, जसे दुसऱ्या कुणाचे आणून ठेवलेत. पाच महिन्यांचं बाळ त्याच्या छातीवर ठेवलं येसेनियानं, तर तो हातानं त्याची बोटं मोजत होता आणि छताकडे बघत होता. म्हणून म्हणते, पहिल्या ओळीत हेल्मेट लिहा.

काय पाहिलं — सगळं पाहिलं. इथंच बसले होते, याच जागी. संध्याकाळची वेळ, छावणी सुटलेली, गेटातून गाड्यांची रांग. वेस्ली चालत आला, मला हात केला, मोटरसायकल काढली, बांधाबांध केली, हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला — हे लिहा, दोनदा ओढून बघितला — आणि हळूच रस्त्याला लागला. वेग म्हणाल तर माझ्या मांजराएवढा. आणि समोरून तो पिकअप ट्रक. गाडी धुवायचं दुकान दिसतंय ना तिथं, त्यात वळायचं होतं त्याला. इशारा नाही, काही नाही, वळला तो सरळ पोराच्या तोंडावर. वेस्लीनं काय करायचं? काय करणार! पायाचा ब्रेक दाबला त्यानं, सगळा जीव लावून दाबला, मागचं चाक असं किंचाळलं, असं किंचाळलं कॅप्टन, की अजून माझ्या कानात आहे ते. आणि गाडी आडवी झाली, घसरत गेली, आणि तो त्या ट्रकच्या चाकाखाली — पुढचं नाही सांगत. चाकाचा काळा ओरखडा अजून आहे रस्त्यावर, लांबच्या लांब, येताना तुम्ही त्यावरूनच आलात.

कुठून काढली म्हणजे? मोटरसायकल? इथूनच की, माझ्या शेडमधून —

माझ्या शेडमधून म्हणजे… असं बघा, ठेवायचा कधीमधी. त्यांच्या बाजूला जागा कुठंय, येसेनियाची गाडी असते, बाबागाडी असते, कचऱ्याचे डबे असतात. शेजारी आहोत, ठेवली कुठं तर काय बिघडलं? ताडपत्री मीच घातली होती वरून, पाखरांची घाण नको म्हणून. ताडपत्री लपवायला नव्हती हो. लपवायचं कशाला? — अहो तसे बघू नका. शेडमध्ये अजून दोन आहेत, ते मलाही दिसतंय आणि तुम्हालाही दिसतंय, त्या कुणाच्या ते मी सांगणार नाही आणि त्यांच्यासाठी तुम्ही आला नाहीत. हे काय गुपित आहे का? गेटावरचा शिपाई सैन्याच्या मोटरसायकल शिकायच्या कोर्सचं कार्ड बघितल्याशिवाय मोटरसायकल आत सोडत नाही. कोर्स फुकट आहे, दोन दिवसांचा आहे, सगळं खरं, पण नंबर लागायला किती थांबावं लागतं? पोरं परदेशातून वर्ष काढून येतात, हातात पैसा असतो, डोळ्यांसमोर एकच गोष्ट असते, ती घेतात. आधी गाडी, मग कोर्स. उलटं कुणी केलेलं मी तरी बघितलं नाही. मग काय करायचं? गेटाबाहेर कुणाकडे तरी ठेवायची आणि माणसांच्या छोट्या फाटकातून चालत आत जायचं. कार्ड येईपर्यंत. व्हर्जिल होता तेव्हापासून चाललंय हे. मी कुणाकडून पै घेत नाही. कुणी गवत कापून देतो, कुणी गळकी तोटी बघतो, झालं.

हो. म्हणजे कार्ड नव्हतं त्याच्याकडे. ते तुम्हाला माहीतच असेल, तुम्ही छावणीतलेच. माहीत होतं ना? …बघा, आणि मला वाटलं मीच बोलले.

किती दिवस चालवत होता? मला काय माहीत, मी काय तारखा लिहून ठेवते? उन्हाळा लागला तेव्हा — नाही, नाही, उन्हाळा संपताना. अलीकडेच. खोडा ते. उन्हाळा खोडा. हे बघा कॅप्टन, पोरगा मौजेसाठी नव्हता चालवत. घरात एक गाडी. येसेनिया म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला, रात्रपाळी, बाळाला सोडायचं, आणायचं, मग गाडी तिलाच लागणार ना? मग दूध, औषधं, वाणसामान आणायला हा चालत गेला असता का रोज? आणि विमा काढला होता हो त्यानं! बेफिकीर माणूस विमा काढतो का? इथंच बसून काढला, या पायरीवर, फोन मोठ्यानं लावून, त्याच्या कानाजवळ बाळ झोपलं होतं म्हणून. मी शेंगा सोलत होते. ती विमा कंपनीतली बाई कशी गोड बोलत होती, सैन्यातले का, मग इतकी सूट, कोर्स केलाय का, मग अजून सूट. तर हा प्रामाणिकपणे म्हणाला, मॅडम, झाला नाहीये, नंबर लागलाय पुढच्या आठवड्यात. तर तीच म्हणाली, मग झालाच असं धरते, कार्ड आलं की फोटो पाठवून द्या. तिनंच धरलं! आणि आता तीच कंपनी म्हणते, तुम्ही कोर्स झाला म्हणून सांगितलंत, खोटं सांगितलंत, पैसे मिळणार नाहीत. आणि सैन्याचा अहवाल आला की बघू म्हणते. म्हणजे सगळे तुमच्या लेखणीकडे डोळे लावून बसलेत —

हे लिहिताय तुम्ही? विम्याचं का लिहिताय? ते तुमचं काम नाही! ते तुम्हाला माहीत नव्हतं? अरे देवा. अहो थांबा. थांबा की. मी म्हणाले ना, तो नाही म्हणाला, झाला नाहीये म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलंय, तेही लिहा मग! अर्धं लिहू नका. लिहिलंत? "झाला नाहीये" — असंच लिहिलंत? बरं.

बरं. मी आता जरा विचार करून बोलते. तुम्ही पण एकेक विचारा.

कोर्सला का गेला नाही? गेला नाही कोण म्हणतं! गेला की. दोनदा गेला. म्हणजे निघाला. नंबर लागला होता ना, त्या दिवशी सकाळी पार नटून आला इथं, हातमोजे, जाकीट, येसेनियानं डबा दिलेला. आणि गाडी सुरू करणार तोच फोन. परत छावणीत या, तपासणी आहे, माणसं कमी आहेत, टायर मोजायचे आहेत की रंग द्यायचा आहे, काहीतरी. तसाच बूट आपटत चालत गेला. दुसऱ्या वेळीही तेच. दुसऱ्या वेळी तर डबा माझ्याकडे ठेवून गेला, म्हणाला तुम्हीच खा. बीन्स आणि भात होता, छान करते ती. आता सैन्यात बोलावलं तर जायचंच, त्यात त्याचा काय दोष? कुणी बोलावलं? — बोलावलं कुणीतरी वरच्यानं. मला काय नावं माहीत. शेकड्यानं सार्जंट आहेत तुमच्याकडे.

नाही, खरंच नाही माहीत. तुम्ही असं का विचारताय, ओळखता का म्हणून? ओळखते की सार्जंट पर्व्हिसना, अख्खी गल्ली ओळखते. कोपऱ्यावरचं घर त्यांचं. मोटरसायकलवाल्या पोरांवर लक्ष ठेवायला तुकडीत एक जुना जाणता नेमतात, ते तेच. चांगला माणूस. वादळात माझं छप्पर उडालं तेव्हा पहिला शिडी घेऊन तोच आला. व्हर्जिल शेवटच्या आजारात होता तर त्याच्या उशाशी बसून पत्ते खेळायचा, मुद्दाम हरायचा. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाहीये, आणि तुम्हीही विचारू नका, त्याचा यात काही —

काय म्हणाला?

परत सांगा. कुणाला सांगितलं असं, तुम्हाला? लिहून दिलं? सही करून? "वेस्ली हॉबगुडकडे मोटरसायकल आहे हे मला माहीत नव्हतं"? पर्व्हिसनं?

जरा थांबा. मला पाणी पिऊ द्या.

माहीत नव्हतं. बरं. कॅप्टन, या शेडमध्ये त्या पोराला हाताला धरून कुणी आणलं माहीत आहे? पर्व्हिसनं. मिस ओपल, हा तुमच्या शेजारी आलेला, आपला नवा पोरगा, कार्ड येईपर्यंत याची गाडी सांभाळा, असं म्हणाला, इथं, या दारात उभा राहून, टोपी हातात घेऊन. टायर मोजायला परत कुणी बोलावलं? पर्व्हिसनं. मला माहीत होतं, मी नाव घ्यायची नव्हते, शपथ घेऊन बसले होते की त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. म्हटलं वरिष्ठांनी दबाव टाकला असेल त्याच्यावर, तपासणी म्हणजे सगळ्यांचीच धावपळ. आणि वाईट वाटलं होतं हो त्याला! दुसऱ्यांदा कोर्स बुडाला ना, तेव्हा संध्याकाळी स्वतः आला, पोराला म्हणाला, चल, कोर्स जाऊ दे खड्ड्यात, मीच शिकवतो. त्या चर्चच्या मागच्या मैदानात. माझ्या फुलांच्या कुंड्या नेल्या मांडायला, अजून एक परत आली नाही. आठ आकडा काढायला लावायचा, कुंड्यांच्या मधून नागमोडी न्यायचा. मी भिंतीवर बसून बघायची, करमणूक व्हायची. काय ओरडायचा! वेस्ली घाबरून पुढचा ब्रेक आवळायचा, तर हा तिकडून — "हात नको, पोरा, हात नको! पुढचा दाबलास तर तोंडावर आपटशील! पुढचा विसर! पाय! पाय! पाय!" मला तर पाठ झालं होतं. रात्री भिंतीपलीकडून वेस्ली येसेनियाला सांगायचा तेच, हसत हसत, बाळाचे पाय धरून — पाय, पाय, पाय. शिकला मग. शेवटी शेवटी कुंडीच्या इतकं जवळ येऊन थांबायचा, नुसत्या पायावर, मागचं चाक किंचाळायचं आणि पर्व्हिस टाळ्या वाजवायचा. माहीत नव्हतं म्हणे!

लिहा ना. आता का थांबलात?

इतका वेळ तर भराभर लिहीत होतात. माझी शेड लिहिलीत, ताडपत्री लिहिलीत, विमा लिहिलात, उन्हाळासुद्धा खोडला नाहीत, मी उलटं वाचू शकते कॅप्टन, दुसऱ्यांचं बघायची सवय आहे मला, उन्हाळा तसाच आहे तिथं. आणि पर्व्हिस आला तर पेनातली शाई संपली? असे माझ्याकडे काय बघताय? मी काय चुकीचं बोलले? ब्रेकचं? ब्रेकचं काय?

इकडे बघा. तुमचा डावा बूट. टोकाला काळा पडलाय, घासून घासून. उजवा बघा कसा स्वच्छ. डाव्या पायानं गिअर वर उचलला की तिथंच डाग पडतो — माझ्या दारात इतक्या वर्षांत काय थोडे बूट येऊन गेले? तुम्हीही चालवता. चालवता ना? मग कोर्सही केला असणार, तुमच्याकडे कार्ड असणार, पाकिटात. मग सांगा मला. मी शाळेत फार शिकले नाही, मोटरसायकलवर तर मी व्हर्जिलच्या मागे सोडून कधी बसले नाही. ट्रक समोर आला. एकदम आला. काय दाबायचं? हात की पाय?

सांगा की. नाही लिहीत तर नका लिहू, मला नुसतं सांगा.

…असं? हात? दोन्ही, पण जास्त हात? हळूहळू आवळत न्यायचा, असा? — आणि पाय हलका. पाय जोरात दाबला तर मागचं चाक अडकतं. अडकलं की घसरतं. हे पहिल्याच दिवशी शिकवतात? पहिल्या दिवशी, सकाळी.

सकाळी म्हणजे… डबा माझ्याकडे ठेवून गेला तेव्हा ते हे शिकवत होते तिकडे.

म्हणजे त्यानं काही चुकवलं नाही. तुम्ही ऐकताय ना? त्यानं ऐकलं. जसं सांगितलं तसंच केलं, शब्द न् शब्द. पाय, पाय, पाय. मी इथं बसून बघितलं, माझ्या मनात आलं, शाबास, बरोबर दाबला — हो, असं आलं माझ्या मनात, त्या क्षणाला, चाक किंचाळलं तेव्हा.

नका उठू. पेनाचं टोपण काढा ते. मला कळतं तुम्ही काय विचार करताय, पर्व्हिसची नोकरी पुरी होत आलीय, त्याचीही पेन्शन आहे, बायकोची तब्येत बरी नसते, आणि तुम्हालाही उद्या याच छावणीत वावरायचंय, त्याच भोजनगृहात जेवायचंय. मला नाही कळत? मला या गल्लीत राहायचंय! त्याच्या बायकोच्या गाडीतून मी दर रविवारी चर्चला जाते. उद्या छप्पर उडालं तर शिडी घेऊन कोण येणार माझ्याकडे? या दोन ताडपत्र्यांखालची पोरं मला तोंड दाखवतील का? तुम्हाला वाटतं मला हौस आलीय? पण त्या माणसानं खोटं लिहून दिलंय, सही करून, आणि त्या खोट्याचं वजन कुणाच्या पाठीवर पडतंय ते मी इस्पितळात बघून आलेय. पोरगा स्वतः नाही सांगायचा. त्याला विचारलंत ना तुम्ही? काय म्हणाला? — कुणी शिकवलं नाही म्हणाला? बघा. बघा! अजून त्यालाच वाचवतोय, पाठीवर पडून. सार्जंटचं नाव सांगायचं नाही, हेही तुम्हीच शिकवता ना पोरांना?

लिहा. पर्व्हिसनं त्याचा कोर्स दोनदा बुडवला, गाडी बाहेर ठेवायला लावली, आणि ब्रेक उलटा शिकवला. मी सही करते. हवं तर पर्व्हिसला बोलवा समोर, मी त्याच्या तोंडावर सांगते, रडत रडत सांगेन पण सांगेन. "साक्षीदाराचं ऐकीव मत" म्हणजे काय? ऐकीव? मी भिंतीवर बसले होते! चर्चच्या भिंतीवर, हे माझे पाय असे लोंबत होते! माझ्या कुंड्या होत्या! शेडचं सांगितलं तेव्हा नव्हतं का ऐकीव?

गप. गाडी आली.

तीच. इस्पितळातून येते या वेळेला, बाळाला घेऊन. दार उघडतेय… नाही, घरात नाही गेली. तुमची गाडी बघितली तिनं. इकडेच येतेय.

बसा खाली. नाही, मागच्या दारानं वगैरे काही नाही, मागचं दार बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. ती वही मिटू नका. उघडीच राहू दे मांडीवर, असेल तशी, लिहिलंय तेवढी लिहिलेली आणि उरलीय तेवढी कोरी.

ये गं, ये. पायरी सांभाळ. दे त्याला माझ्याकडे, अगं किती तापलाय हा उन्हात, दे. इथं बस, पंख्याखाली, त्या खुर्चीत नको. हे कॅप्टन. हो, तेच. सगळं विचारून झालंय त्यांचं. नाही बाई, मी… हो. जास्तच बोलले. तुला माहीत आहे मी कशी ते.

मला नको विचारू, येसेनिया. आता मी गप्प बसणार आहे. वेस्लीनं काय चूक केली, ते कॅप्टन सांगतील तुला. त्यांना माहीत आहे.

बोला, कॅप्टन.